आठ नंबर बेडच्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर, नमस्कार.

मी आठ नंबर बेडवरच्या पेशंटची ताई. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा, स्वाइन फ्लू, अकरा दिवस एक्मोवर, म्हणजे फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर असलेला माझा धाकटा भाऊ. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही खाली उतरेपर्यंत तुम्ही नाइट संपवून घरी गेला होतात. बोलायचं राहिलं ते राहिलंच. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचलंत की ओळखाल.

त्या दिवसांत आम्ही सगळे मशीनकडेच बघत बसायचो. मांडीतल्या नळीतून जांभळट काळं रक्त बाहेर यायचं आणि ऑक्सिजनेटरमधून फिरून लालभडक होऊन मानेतल्या नळीने आत जायचं. मिनिटाला चार लिटर. एक्सरेत फुप्फुसं पांढरीफटक, तरी मॉनिटरवर ऑक्सिजन ९०. आकडा बरा म्हणजे भाऊ बरा, एवढंच आम्हाला कळत होतं.

तुमचं लक्ष मात्र त्याच्यावर असायचं. दर तासाला टॉर्च मारून दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, चार्टवर लिहायच्या. पहाटे गुंगीचं औषध कमी केलं की त्याच्या कानाशी वाकून म्हणायचात, "दादा, माझा हात दाबा. आता हा दुसरा." तेवढ्या वेळापुरतं मला आत घ्यायचात. एकदा मी चिडून विचारलं, झोपू द्या ना त्याला, रोज काय हा त्रास? तुम्ही शांतपणे सांगितलंत, "ताई, मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू आहे. पण त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. गुंगीतला माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगणार नाही. आपणच त्याला विचारत राहायचं."

सहाव्या पहाटे त्याने डाव्या हाताने तुमचं बोट धरलं. उजवा नुसता पडून होता. तुम्ही परत सांगितलंत. मग पेन घेऊन नखावर दाबलंत. डावा हात झटकन मागे गेला, उजवा जेमतेम हलला. बाहुल्या सारख्या, मॉनिटर कालच्यासारखाच. गुंगी उतरली नसेल, असं म्हणून पुढच्या बेडकडे जाता आलं असतं. तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात.

एक्मोवरचा पेशंट सिटी स्कॅनला नेणं म्हणजे काय, ते त्या दिवशी पाहिलं. पंप, सिलिंडर, मशीन सांभाळणारे पर्फ्युजनिस्ट, डॉक्टर, वॉर्डबॉय, आणि दोन्ही नळ्या हातात तोलून धरत लिफ्टमध्ये आडव्या चालणाऱ्या तुम्ही. मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव होता, लहान. हेपॅरिन तिथेच बंद झालं. ते चालू राहिलं असतं तर तो वाढत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मग उलटी धास्ती. हेपॅरिन नाही म्हणजे मशीन गोठणार. तुमचा तोच टॉर्च आता ऑक्सिजनेटरवर फिरायला लागला. कोपऱ्यात काळे धागे धरताना तुम्ही मला दाखवलेत. नवव्या दिवशी ऑक्सिजनेटर बदलला, अकराव्या दिवशी नळ्या निघाल्या.

पुढे मी याविषयी सापडेल ते वाचत गेले. १९७५ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एक्मोवर पहिलं नवजात बाळ वाचवलं. त्या मुलीचं नाव एस्परान्झा, म्हणजे आशा. नाव ठेवलं होतं तिथल्या नर्सेसनी. हे वाचताना मला तुम्हीच दिसलात.

भाऊ आता कामावर जातो. पहिले तीन महिने शब्द अडायचे. 'पाणी' म्हणायचं असलं की नुसतं बोट दाखवायचा. फिजिओ अजून चालू आहे. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे, शर्टाची बटणं हळू लागतात, पण स्वतः लावतो. आम्ही कुणी मध्ये हात घालत नाही.

त्याला तुमचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो. "हात दाबा म्हणणाऱ्या सिस्टर कोण गं?" असं त्याने मला कितीदा तरी विचारलंय. त्याला घेऊन यायचंय तुमच्याकडे. सध्या दिवसपाळी आहे की रात्रपाळी, तेवढं कळवा.

तुमची,
आठ नंबरची ताई