बंड्यास

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

आमच्याकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडले तर. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. आणि तुझ्याशिवाय हे कुणाला कळायचंही नाही.

अण्णांनी जत्रेच्या आधी वंशावळ छापायचं काढलंय. दिवाणखान्यातलीच, खाली ‘पानिपतापासून एक रक्त’ लिहिलेली. सोबत इनामाचा अस्सल कागद हवा, म्हणून मला कामाला लावलं. आधी तालुक्याला गेलो. अभिलेख कक्षात जुने फेरफार निघाले, इनामपत्रक निघालं. सर्व्हे नंबर, आकार म्हणजे शेतसारा, जुडी म्हणजे इनामावरचा हलका सारा, सगळं होतं. पण इनाम कुणाला आणि कशाबद्दल, ते काही कळेना. ते हवं तर कौन्सिल हॉलजवळचं पेशवे दप्तर गाठायला हवं.

बंड्या, तिथे 39 हजारांच्या आसपास रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत! प्रांत, परगणा, गाव अशी वाट धरून जायचं, चिठ्ठी द्यायची, मग बांधलेला रुमाल समोर येतो. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलो त्याचं आता चीज झालं. (तू म्हणायचास, मेलेल्या लिपीत प्रेमपत्रं लिहिणार का? बघ, कामी आली.) सनदेची नक्कल सापडली. ‘सन सबा सबैन मया व अलफ’. म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, अरबी सन 1177. त्यात 599 मिळवले की इसवी 1776 येतं. पानिपताला पंधरा वर्षं होऊन गेलेली. आणि इनाम कशाबद्दल? बालपरवेशी. सरकारचाकरीत माणूस पडला, त्याच्या पोरांच्या पोटापाण्यासाठी जमीन दिली. तुझ्या भाषेत, तलवारबिलवार काही नाही. तलवारीवरून आपण आठवडाभर अबोला धरला होता, तो तू जिंकलास.

पण पत्र त्यासाठी नाही. त्याच बाडात इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे दिलेली कैफियत, म्हणजे लेखी जबाब, आहे. 1852 च्या कायद्यानंतर इनामदारांना आपला हक्क, वंशावळ, वारसा कागदावर सिद्ध करावा लागला. कमिशनचा डोळा दत्तकावर, कारण औरस वारस नसला की इनाम खालसा करता येई. त्या कैफियतीत आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे लिहिलंय : धन्याच्या पश्चात बाईनं शके 1771 त मांडीवर घेतलेला. सोयऱ्यांचा मुलगा. पुढे 1863 च्या कायद्यानं चौथाई आकार भरायचा ठरला आणि जमीन त्या मुलाच्याच नावे राहिली. आम्ही सगळे त्याचे. अण्णासुद्धा.

तो शब्द वाचला आणि मला माजघर आठवलं. तुझ्या मुंजीच्या जेवणावळीत, पंगतीत सगळ्यांसमोर अण्णा तुझ्या दत्तक असण्यावरून जे बोलले ते. तुझ्या माईंचा चेहरा. तू ताट सोडून उठलास आणि त्यानंतर आमच्या वाड्यात पाऊल टाकलं नाहीस, मी किती वेळा बोलावलं तरी. मी तेव्हा म्हणायचो, म्हातारे लोक, मनावर घेऊ नकोस. तू म्हणायचास, तुला काय कळतंय. यावरून आपण मंडईत भर रस्त्यात भांडलो होतो आणि केळीवाल्यानं सोडवलं.

आता अण्णा 87 वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेत, पण ती वंशावळ पाठ आहे, संध्याकाळी मोठ्यानं म्हणतात. छापखान्यातून रोज विचारणा येते. त्या नावापुढे ‘दत्तक’ लिहावं असं मला मनापासून वाटतं. त्या बाईनं एक मूल मांडीवर घेतलं नसतं तर हे घरच नव्हतं, मग ते लपवायचं का? पण अण्णांना आधी सांगायला हवं, आणि सांगताना ती पंगत मध्ये येणारच. नुसतं छापून मोकळं व्हायचं, त्यांना दिसणारही नाही, असं आमची वहिनी म्हणते. ते मला पटत नाही. त्यांच्या डोळ्यांचा फायदा घेतल्यासारखं होईल.

तू सांग. तुझा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे. नको म्हणालास तर कैफियतीची नक्कल कपाटात राहील. हो म्हणालास तर मी अण्णांजवळ बसून ती वाचून दाखवीन, आणि तू शेजारी असावास असं मला वाटतं.

चिन्मयीचं बारावीचं काय झालं? नवीन घराचा ताबा मिळाला का? तुझ्याकडच्या वहिनींच्या पाठीचं काय? सविस्तर कळव.

छापखान्याला मी पुढच्या शनिवारपर्यंत थोपवलंय. त्याआधी लिही, नाहीतर सरळ ये. शिवाजीनगरला घ्यायला येतो.

तुझा,
नाना