कबरीवर शाप नव्हे, विनंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'ममीचा शाप' हा लेख वाचला. लेख रंगतदार आहे, पण प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या कबरीच्या दारावर 'जो राजाची झोप मोडेल त्याच्यावर मृत्यू झडप घालील' असे कोरले होते, हे त्यातले विधान खोटे आहे. असा कोणताही मजकूर त्या कबरीत सापडलेला नाही. शापाची ही गोष्ट इजिप्तच्या पुरोहितांपेक्षा वर्तमानपत्रवाल्यांची जास्त आहे, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.

पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या मजुरांना लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात या कबरीची पहिली पायरी लागली ती 4 नोव्हेंबर 1922 रोजी. उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हन यांनी जानेवारी 1923 मध्ये बातम्यांचा मक्ता लंडनच्या 'टाइम्स'ला 5,000 पौंड आणि वर नफ्यातला वाटा या बोलीवर देऊन टाकला. लक्सरला तळ ठोकून बसलेले बाकीचे बातमीदार, त्यात खुद्द इजिप्तचेही, उन्हात ताटकळत राहिले. मग 5 एप्रिलला कार्नार्व्हन कैरोत वारले. डास चावलेल्या जागी दाढी करताना वस्तरा लागला, जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि वर न्यूमोनिया झाला. जुन्या मोटार अपघातापासून प्रकृती तोळामासा, आणि अँटिबायोटिक्स अजून यायची होती. पण रिकाम्या हाताने बसलेल्या बातमीदारांना याहून चांगला मजकूर कुठला? कबरीतल्या सोन्याच्या बातमीवर 'टाइम्स'चा हक्क होता, शापावर कोणाचाच नव्हता.

कार्टर स्वतः 1939 पर्यंत जगला. सुरुवातीलाच आत शिरलेली कार्नार्व्हन यांची मुलगी लेडी एव्हलिन 1980 मध्ये गेली. 2002 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मार्क नेल्सन यांनी त्या काळी इजिप्तमध्ये असलेल्या 44 पाश्चात्त्यांच्या आयुर्मानाचा हिशेबच मांडला. कबर किंवा ममी उघडताना हजर असलेले 25 जण सरासरी 70 वर्षे जगले होते आणि शापाचा काही परिणाम नेल्सन यांना दिसला नाही. एवढे पुरे.

या गोष्टीत बळी कोण, हेही उलटे झाले आहे. नोव्हेंबर 1925 मध्ये शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी आणि कार्टर यांनी तुतानखामेनची ममी तपासायला घेतली. दफनाच्या वेळी तिच्यावर ओतलेले राळेचे लेप इतके घट्ट बसले होते की शरीर पेटीच्या तळाला चिकटले होते. तापवलेल्या सुऱ्यांनी ते सोडवले. त्यात डोके धडापासून वेगळे झाले, हातपाय सांध्यांतून सुटे झाले. इजिप्शियन माणसाला याहून मोठी भीती नव्हती. देह शाबूत राहावा म्हणून तर सत्तर दिवसांचा तो सगळा खटाटोप. नाकावाटे मेंदू काढायचा, यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढून वेगळी जपायची, नॅट्रॉन या खारात शरीर सुकवायचे, मग शेकडो हात लांबीच्या तागाच्या पट्ट्या. हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचे, कारण मृतांचा देव ओसायरिस याच्यासमोर मात या सत्यदेवतेच्या पिसाबरोबर ते तोलले जाणार असे. हे करून तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेला देह आपल्या शास्त्रज्ञांनी काही दिवसांत सुटा केला. आणि डेरीसाहेब पुढे 1961 पर्यंत जगले.

आता कबरीवर खरोखर काय लिहिलेले असे ते सांगतो. लक्सरच्या दक्षिणेला एल-काब इथे डोंगरात पाहेरी नावाच्या माणसाची कबर आहे. राजा नव्हे, त्या भागाचा प्रशासक आणि लेखनिक, साधारण 3,450 वर्षांपूर्वीचा. अशा कबरींना दोन भाग असत. खाली खोल, बुजवलेली दफनाची जागा, आणि वर रंगवलेली खोली, जी जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी उघडी. पाहेरीच्या खोलीत दर्शनाला येणाऱ्यांना उद्देशून मजकूर कोरला आहे. त्याचा आशय असा: माझ्यासाठी अर्पणाचा मंत्र म्हणा, हजार भाकरी, हजार घागरी बिअर. नुसते वाचायचे आहे, खर्च काही नाही, त्यात कोणाची टिंगल नाही, कोणाशी भांडण नाही, गरिबाला नाडणे नाही. तोंडातला श्वास तेवढा हवा. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरांतल्या माणसांना हे काही परके वाटायचे नाही.

भिंतींवरची चित्रे तर ऐकायचीच आहेत, कारण त्यातली माणसे बोलतात. नांगऱ्या म्हणतो, दिवस छान आहे, गारवा आहे, बैल ओढताहेत, आभाळ आपल्या मनासारखे वागते आहे. खळ्यावर बैल फिरवणारा गातो: मळा रे बैलांनो, स्वतःसाठी मळा, वैरणीला भुसा तुमचा, धान्य मालकाचे. धान्य वाहणारे हमाल कुरकुरतात की कोठारे भरून सांडली, नावा जड झाल्या, तरी आम्ही दिवसभर ओझीच वाहायची का? आणि मेजवानीत बसलेली पाहेरीची एक नातेवाईक बाई वाढप्याला सांगते, मला अठरा पेले दारू दे, मला झिंगायचे आहे, पोटात नुसता पेंढा झालाय. मृत्यूने पछाडलेले लोक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या कबरीत हे लिहिलेले आहे.

धमक्या अजिबात नव्हत्या असे म्हणणेही लबाडीचे होईल. अस्वानजवळ हारखुफ या अधिकाऱ्याच्या, पाहेरीहून किती तरी जुन्या, कबरीवर आहे: जो अशुद्ध अवस्थेत इथे शिरेल त्याची मान मी पक्ष्यासारखी धरीन. पण अट वाचा. अशुद्ध अवस्थेत. म्हणजे शुचिर्भूत होऊन येणाऱ्याला मज्जाव नव्हता, त्याचे तर स्वागत होते.

आणि चोरांना हा धाक कितपत होता? इ.स.पू. 1100 च्या सुमारास, नववा रामेसिस गादीवर असताना, अमेनपानुफर या पाथरवटाने दिलेला कबुलीजबाब पपायरसवर टिकून आहे. साथीदारांबरोबर त्याने राजा सोबेकेमसाफ आणि राणीच्या ममीवरचे सोने खरवडले, पेट्या जाळल्या, आठ जणांत प्रत्येकी वीस देबेन (तिथले वजनाचे माप) सोने वाटून घेतले. पकडला गेला तेव्हा स्वतःचा वाटा तिथल्या कारकुनाला देऊन सुटला, आणि साथीदारांनी त्याला आपल्यातून भरपाई दिली. पुन्हा चोऱ्या सुरू. देवांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या त्या माणसाला शापाची भीती वाटली नाही, ती विसाव्या शतकातल्या लंडनला वाटली.

ममीतच रस असेल तर खऱ्या गोष्टी कमी नाहीत. दुसऱ्या रामेसिसच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली, आणि ती मिरी आपल्या मलबारच्या बाजूने गेलेली. यावर कोणी जाणकाराकडून लिहून घ्या, वाचक वाचतील.

निदान पुढच्या वेळी तुतानखामेनचा तो सोन्याचा मुखवटा सोडून पाहेरीच्या भिंतीवरचे एखादे चित्र छापा. जागा कमी पडली तर अठरा पेले मागणाऱ्या बाईंचे तेवढे छापा.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर