विषय : ४०२ ला आलेली ड्रमची नोटीस

अध्यक्षकाका, सप्रेम नमस्कार.

परवा सिक्युरिटीने नोटीस आणून दिली, फ्लॅटमधे मोठ्या आवाजाचं वाद्य ठेवलंय, सात दिवसांत हलवा. काका, लेकीचा ड्रम सेट आला सोमवारी रात्री, जोडून झाला बुधवारी, आणि नोटिशीवर तारीख आहे मंगळवारची. म्हणजे त्यावर एक काठीसुद्धा पडायच्या आधी तक्रार झाली होती, नुसतं बघून, आणि मला याचंच फार वाईट वाटलं.

टेम्पोतून उतरवताना तो वीस इंची किक ड्रम, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम, गेटवर सगळ्यांनी पाहिला, लाकडी अंग, चकचकीत रिंगा, कोणालाही वाटणार की आता झोपेचं खोबरं. पण तो सेट इलेक्ट्रॉनिक आहे. रोलँड कंपनीने २०२० मधे व्हीएडी नावाने असे सेट काढले, इतर कंपन्यांचेही येतात, दिसायला हुबेहूब खरे ड्रम पण वर चामडं किंवा प्लास्टिकचा पडदा नाही, बारीक विणलेली जाळी ताणलेली असते आणि खाली सेन्सर. जाळीतून हवा आरपार जाते त्यामुळे ढोलासारखा घुमतच नाही, सेन्सर फक्त किती जोरात मारलं ते बाजूच्या मॉड्यूलला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या डबीला, सांगतो आणि खरा आवाज हेडफोनमधे येतो. ही जाळी काही नवीन नाही, रोलँडच्या सेटवर १९९७ पासून आहे. झांजांना वरून रबर. दाराबाहेर उभं राहिलं तर टप टप ऐकू येतं, कुकरची शिट्टी झाली की तेही नाही.

मग एवढा मोठा कशाला आणला असं परवा लिफ्टमधे एका काकूंनी विचारलं, बरोबर विचारलं. आधी आमच्याकडे छोटा रबरी पॅडचा सेट होता. त्यावर सगळं जवळ जवळ, टॉम म्हणजे मधले छोटे ड्रम बशीएवढे, आणि क्लासमधे खऱ्या सेटवर बसली की लेकीचा हात अर्धी वीत अलीकडेच पडायचा. दोन वर्षं घरी केलेला रियाज तिथे जाऊन मोडायचा. रडायची हो घरी येऊन. यात उंची, अंतर, सगळं खऱ्यासारखं आहे म्हणून पैसे साठवून हा घेतला. ती ढोल पथकातही होती, नदीपात्रातल्या सरावाला मी सोडायला जायचे, त्यामुळे मोठा आवाज कशाला म्हणतात ते आम्हाला चांगलं माहितीये आणि तो घरात नको म्हणूनच खरा ड्रम सेट आणला नाही.

आता जे नोटिशीत नाही ते मी स्वतःच सांगते. गुरुवारी तिला वाजवायला बसवून मी खाली ३०२ मधे गेले, आजींच्या बेडरूममधे. आवाज काहीच नव्हता पण भिंतीला तळहात लावला तर धप, धप, धप, आणि ट्यूबलाइटची पट्टी प्रत्येक ठोक्याला किणकिणत होती. आजी म्हणाल्या "असू दे गं", पण असू दे नाही. किकच्या पेडलचा दणका हवेतून जात नाही, थेट स्लॅबमधून जातो, हेडफोन लावून त्याला काही फरक पडत नाही. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आपण त्यात आरामात बसतो, पण आजींच्या पट्टीला डेसिबल काय सांगणार.

म्हणून टिंबर मार्केटमधून प्लायचे दोन जाड तुकडे आणले, त्यात ओळीने भोकं पाडून घेतली, बॉल आत बसेल पण आरपार जाणार नाही एवढीच, आणि टेनिस कोर्टवरून जुने चाळीस बॉल मागून आणले. दोन प्लायच्या मधे बॉल, म्हणजे दणका बॉलच झेलतील आणि स्लॅबपर्यंत कमी जाईल, वर सतरंजी, त्यावर सगळा सेट. प्लाय भिंतीला कुठेच टेकू दिला नाहीये, टेकला की सगळं वाया. शिवाय सेट आजींच्या बेडरूमवरून काढून हॉलमधे आणला, आमचा सोफा गेला बाल्कनीत. काल परत खाली जाऊन पाहिलं, पट्टी गप्प होती. भिंतीला हात लावल्यावर अगदी पुसट लागतं अजून, खोटं कशाला बोलू.

दुपारी १ ते ४ आणि रात्री ९ नंतर ती बसणार नाही, हे माझ्याकडून लेखी समजा.

एवढंच मागणं आहे की नोटीस मागे घ्यायच्या आधी किंवा कायम करायच्या आधी कमिटीने एकदा कानाने ठरवावं. दोघांनी या, एकाने ३०२ मधे बसा, एकाने आमच्याकडे, ती जोरात वाजवेल, हळू नाही. खाली त्रास वाटला तर मी किकचं पेडल काढून ठेवीन आणि बाकीच्यावर रियाज होईल. आजींना विचारलंय, रविवारी ११ ला त्या घरी आहेत. तुम्हाला जमतंय का तेवढं शनिवारपर्यंत कळवा, नोटिशीची मुदत सोमवारी संपतीये.

आपली,
४०२, बी विंग
सिंहगड रोड, पुणे