मुलांच्या मनगटाच्या एक्स-रेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आंबे-जांभळांचे दिवस आले की आमच्या धर्मादाय दवाखान्यात एका हाताने दुसरे मनगट सावरून धरलेली मुले येऊ लागतात. पडताना मूल हात पुढे टेकते आणि सारा भार मनगटावर येतो, म्हणून लहान वयात हाड मोडते ते बहुतेकदा याच जागी. मागच्या हंगामात आठ वर्षांच्या एका मुलीला फारशी सूज नव्हती, बोटेही हलत होती, त्यामुळे मुरगळले असे समजून घरच्यांनी आठवडाभर तेल चोळले. नात डाव्या हाताने भाकरी मोडते आहे, हे आजीच्या लक्षात आले तेव्हा ती आमच्याकडे आली.

मुलांचे हाड वाळक्या काटकीसारखे कडकन तुटत नाही. ते ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते किंवा नुसते दबून फुगते. त्यात हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे हाड जिथून लांबत जाते तो मऊ भाग, एक्स-रेमध्ये काळ्या रेघेसारखी दिसते आणि नवख्या डोळ्याला तीच मोड वाटते, तर कूर्चेची खरी इजा कधी कधी दिसतच नाही आणि राहून गेली तर हाताची वाढ वाकडी होऊ शकते. म्हणून समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे, आणि ते वाचणारा जाणकार, दोन्ही हवेत. नुसत्या दबलेल्या हाडाला तर प्लॅस्टरचीही गरज नसते. ब्रिटनमधील 965 मुलांच्या चाचणीत, जी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, साध्या बँडेजच्या मुलांना तिसऱ्या दिवशी कडक आधार बांधलेल्या मुलांपेक्षा अधिक वेदना नव्हत्या. मात्र हाड नुसते दबले आहे, हे आधी खात्रीने कळावे लागते.

आमचे यंत्र जुने, फिल्मचे आहे. डिजिटल डिटेक्टर, म्हणजे फिल्मऐवजी चित्र थेट संगणकावर देणारी पाटी, बसवला तर एक्स-रे काही मिनिटांत जिल्ह्याच्या तज्ज्ञांना पाठवता येईल आणि आई-बापाचा रोज बुडवून, जीपने जाण्याची वेळ मोजक्याच मुलांवर येईल. हा खर्च एकट्या समितीला पेलणारा नाही. आपण यथाशक्ती देणगी द्यावी. पावती मिळेल, दरपत्रके व हिशेब कार्यालयात कोणालाही पाहता येतील. संध्याकाळी अर्धा तास एक्स-रे पाहून देऊ शकणाऱ्या डॉक्टरांनीही अवश्य कळवावे.

पालकांना कळकळीची विनंती: पडलेल्या मुलाचे मनगट चोळू नका, पुठ्ठ्याचा आधार देऊन सैलसर बांधा, आणि बोटे निळी किंवा बधिर झाली तर बांधलेले सोडून तत्काळ दवाखाना गाठा.

आपली,
दवाखाना व्यवस्थापन समिती