मा. उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: कारखान्यात जे उरते त्यालाही भूखंड द्या

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाहनांचा नवा कारखाना यायचा ठरला की सरकार जमीन देते, विजेची-पाण्याची सोय करते, सवलती देते. त्या कारखान्यातून रोज काय उरणार आणि ते कोण वापरणार, हा प्रश्न मात्र करारात कुठेच येत नाही. पुणे जिल्ह्यात सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखानदार म्हणून मी आपल्याला लिहितो आहे. वाहनउद्योगाच्या सुरुवातीच्या काळात या प्रश्नाला चांगले उत्तर सापडले होते, म्हणून आधी ते सांगतो.

अमेरिकेतले मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड यांनी 1922 साली स्वतःच एक प्रसंग नोंदवला आहे. मडगार्डचा पत्रा कापताना सहा इंच व्यासाच्या चकत्या निघत आणि सरळ भंगारात जात. दिवसाला दीड लाख चकत्या! कामगारांना ते बघवेना. त्यांनी उपयोग शोधायला घेतला तेव्हा लक्षात आले, की रेडिएटरचे झाकण ठोकायला आकार अगदी बरोबर बसतो, फक्त पत्रा पातळ पडतो. मग दोन चकत्या एकावर एक ठेवून झाकण काढून पाहिले. चाचणीत ते एकेरी पत्र्याच्या झाकणापेक्षा मजबूत निघाले. फोर्ड लिहितात तेव्हापर्यंत दीड लाखांतल्या वीसेक हजार चकत्या मार्गी लागल्या होत्या आणि उरलेल्यांचा शोध चालू होता. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला भंगाराच्या पेटीकडे पाहून विचार करायची मुभा होती, ही यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

लाकडाची कथा याहून मोठी आहे. मॉडेल टी गाडीत लाकूड भरपूर लागे. त्यासाठी 1920 च्या सुमारास फोर्ड यांनी मिशिगन राज्याच्या उत्तर भागात तीन लाख एकरांहून अधिक जंगल विकत घेतले. हा व्यवहार जमवून देणारे एडवर्ड किंग्सफोर्ड हे त्यांच्या नात्यातल्या बहिणीचे यजमान. आयर्न माउंटन गावाजवळ लाकूड कापायची गिरणी आणि सुटे भाग बनवायचा कारखाना उभा राहिला, आणि त्याबरोबर फांद्या, ढलप्या, साली, भुसा यांचे ढीगही. ते जाळून टाकणे सगळ्यांत सोपे होते. फोर्ड यांनी गिरणीशेजारीच रासायनिक कारखाना बांधला. बंद भट्टीत हवा न लागू देता लाकूड तापवायचे, निघणाऱ्या वाफा थंड करून त्यातून मिथाइल अल्कोहोल, अॅसिटेट, डांबर आणि क्रिओसोट ही रसायने वेगळी करायची, आणि गॅस इंधनाला वापरायचा. एक टन टाकाऊ लाकडातून सुमारे सहाशे पौंड कोळसा हाती येई. ऑरिन स्टॅफर्ड या रसायनतज्ज्ञाच्या पद्धतीने तो दळून, स्टार्चमध्ये कालवून त्याच्या वड्या दाबल्या जात. फोर्डच्या मोटारी विकणारे दुकानदारच या वड्यांच्या पिशव्या विकत. 1951 मध्ये तो धंदा दुसऱ्यांनी घेतला आणि कोळशाला किंग्सफोर्ड यांचे नाव मिळाले. अमेरिकेत अंगणातल्या शेगडीवर आजही तोच कोळसा पेटतो.

डेट्रॉइटजवळच्या रूज कारखान्यातही हीच रीत होती. झोतभट्टीत लोखंड काढताना उरणाऱ्या धातुमळीचे सिमेंट झाले, दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्टीतून खतासाठी अमोनियम सल्फेट आणि गाड्यांच्या इंधनासाठी बेंझॉल मिळाले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आयर्न माउंटनच्या रासायनिक कारखान्यातून शेवटी जे निरुपयोगी द्रव उरले, ते जवळच्या खड्ड्यांत सोडले गेले. कित्येक दशकांनी तिथल्या भूजलात ते प्रदूषण सापडले, जमिनीखाली मिथेन साचलेला आढळला, आणि त्याची सफाई पुढच्या पिढ्यांच्या माथी आली. म्हणून उरलेला माल वापरायची परवानगी लवकर द्या, असे पुढे मागताना, शेवटच्या थेंबाचा हिशेबही तेवढ्याच कडकपणे घ्या, असेच माझे म्हणणे आहे.

आता आपल्याकडे पाहा. चाकण पट्ट्यात भंगार म्हटले की उपयोगाआधी ठेका आठवतो. भंगार कोणी उचलायचे यावरून दमदाटी होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फाटकाबाहेर गेलेल्या मालाचे पुढे काय झाले, हे कारखान्यातल्या अभियंत्याला कळत नाही आणि त्याने विचारूही नये अशीच व्यवस्था आहे. माझ्या प्रेसवर पत्र्याच्या पट्टीतून भाग कापून उरलेल्या जाळीतून वॉशर सहज निघतात. ते बनवणारा माणूस चार गल्ल्या पलीकडे असूनही माल थेट त्याच्यापर्यंत पोचवायची माझी हिंमत होत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनांचे भाग ओतून झाल्यावर जी काळी वाळू उरते, तिचेही तेच. ती पुन्हा साच्यासाठी शुद्ध करता येते, तपासणी करून विटांत आणि रस्त्याच्या भरावात घालता येते, तरीही बरीचशी नुसती टाकली जाते.

सरकारने मनावर घेतले की हे बदलते. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेबाबत केंद्राने 1999 मध्ये अधिसूचना काढून वीटभट्ट्या, सिमेंट आणि बांधकामात तिचा वापर बंधनकारक केला, तेव्हापासून राखेला गिऱ्हाईक आले.

आपल्या अखत्यारीतले जे आहे तेवढेच मागतो. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कोणाकडे काय उरते आणि कोणाला काय हवे आहे, याची नोंदवही एमआयडीसीने ठेवावी आणि ती सर्व उद्योजकांना पाहता यावी. नव्या टप्प्यात काही भूखंड असा उरलेला माल वापरणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी राखावेत, मोठ्या कारखान्याच्या शेजारीच. घातक कचरा वापरायला 2016 च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी लागते, ती लागलीच पाहिजे. पण तो अर्ज किती दिवसांत निकाली निघेल, हे पर्यावरण खात्याबरोबर बसून ठरवून घ्या. आणि भंगार उचलण्यावरून धमकी आली तर उद्योजकाने कोणाकडे जायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर वसाहतीच्या फाटकावर लावा.

वाहनकंपन्यांशी पुढचे करार होतील तेव्हा त्यांच्याकडून उत्पादनाच्या आकड्यांबरोबर उरणाऱ्या मालाचे आकडेही मागा. मसुद्यात हे कलम घालण्यासाठी आमच्यासारख्या पुरवठादारांना बोलावलेत, तर आम्ही नमुने आणि वजनाच्या पावत्या घेऊन येऊ.

आपला,
पुणे जिल्ह्यातील एक लघुउद्योजक