टिंब पोहोचलं

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी अजून पाहिलेलं नाही. आवाजही ऐकलेला नाही. आपलं समुपदेशन दर बुधवारी, नुसतं लिहून. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. ‘मी रात्री डबे रिकामे करते आणि मग ओकते’ हे फोनवर कुठे उभं राहून सांगणार होते? करी रोड ते ठाणे गाडीत अंगठ्याने टाइप करता आलं, म्हणून सांगता तरी आलं.

आमच्याकडे उपासाला कुणी कारण विचारत नाही. संकष्टी, गुरुवार, एकादशी, सगळं त्यात खपून गेलं. रात्री फडताळाशी सापडले तेव्हा ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून घर हसलं. एका डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, ‘वजन तर बरंय की! जिभेवर ताबा ठेव.’ दुसऱ्यांनी ओकून ओकून झिजलेले दात बघून चिंच-लिंबू कमी करायला सांगितलं. (मी हो म्हटलं. खोटं बोलायचा सराव होताच.)

तुम्ही मात्र किती पोळ्या खाल्ल्या ते विचारलंच नाहीत. ‘त्याआधी किती तास उपाशी होतात?’ एवढंच. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते ओकून टाकायच्या या आजारात, बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं, आणि लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ सालीच या आजाराला नाव दिलं, हे तुम्ही लिहिलंत. म्हणजे ज्याला मी माझा हावरटपणा समजत होते, त्याचं माझ्या जन्माआधीच बारसं झालेलं! ‘ओकण्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ते पत्रातून दिसत नाही’ म्हणत रक्त तपासायला पिटाळलंत, तेही बरं केलंत. बाकी उपचार कसे झाले ते इथे लिहीत बसत नाही.

मला त्या गणपतीतल्या बुधवारबद्दल लिहायचंय. आदल्या रात्री नैवेद्याचे मोदक मी... जाऊ दे. लाजेने काही लिहवेना. नुसतं एक टिंब पाठवलं. तुमचं उत्तर आलं, ‘टिंब पोहोचलं. पुढच्या बुधवारी मी आहेच.’

गाडीतच रडू फुटलं. शेजारी गवार निवडत बसलेल्या बाई काही न विचारता सरकल्या आणि मला चौथी सीट दिली. शिकलेल्या माणसांनी इतकं ऐकवल्यावर, न विचारता सरकणारं कुणी भेटलं की भरून येतं हो.

पूर्ण बरी झालेय असं नाही. गेल्या महिन्यात दोन रात्री वाईट गेल्या. आज डब्यात भेंडी होती. एक वाजता, सगळ्यांबरोबर बसून खाल्ली.

बाकी बुधवारी लिहिते.

तुमची,
टिंबवाली