प्रकल्पासोबत आवृत्त्यांची यादीही घ्या

संपादक महोदय,

मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रकल्प जमा करून घेताना कोड आणि अहवाल मागतात, त्यात वापरलेल्या पॅकेजच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, आवृत्त्या पुष्कळदा विचारतच नाहीत. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० आवृत्ती आली. त्यात सी भाषेतल्या कोडशी असलेली जुळणी बदलली, त्यामुळे जुन्या १ मालिकेसाठी कंपाइल झालेली (यंत्राच्या भाषेत उतरवलेली) पॅकेजेस त्यावर कोसळतात. लागणाऱ्या पॅकेजेसची नोंद असलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नुसते ‘नमपाय’ लिहिले, तर पॅकेजेस बसवणारा पिप हा प्रोग्रॅम त्या दिवशीची नवी आवृत्ती आणू शकतो. मग तोंडी परीक्षेच्या सकाळी प्रोग्रॅम पॅकेज आत घेणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीवरच अडतो. तर्क बरोबर असूनही मुलांचे गुण जातात, हा अन्याय आहे.

प्रत्येक प्रकल्पाला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे फक्त त्याच्याच पॅकेजेसची स्वतंत्र जागा, हवे. सगळे नीट चालत असतानाच ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी पॅकेजेस आणि आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये उतरवावी, पायथनची आवृत्तीही नोंदवावी. यादी हाताने लिहिताना शेवटचा आकडा गाळू नये: ‘~=१.२६.४’ लिहिले तर फक्त १.२६ मधल्या दुरुस्त्या येतात, ‘~=१.२६’ लिहिले तर १ मालिकेतली पुढची कोणतीही आवृत्ती चालते. नेट धड नसलेल्या तालुक्यांत ‘पिप डाउनलोड’ने पॅकेजेस पेनड्राइव्हवर घ्यावीत, मात्र दोन्ही संगणकांवर पायथन आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकच हवी. विभागप्रमुखांनी ही यादी याच सत्रापासून सक्तीची करावी.

– एक संगणक शिक्षक, नांदेड